अर्धा किलो हवा आणि अठरा किलोचं झाकण

कार्यशाळेत पाण्याची एक टाकी तयार होत होती. उभी, गोल, पोलादी पत्र्याची. आतला व्यास ६० सेंमी, उंची १ मीटर, तोंडाला बाहेरच्या बाजूनं रुंद पट्टी. वापरात तिच्यात नुसतं पाणी राहणार होतं आणि वरून ती उघडीच असणार होती. वेल्डिंग संपलं तेव्हा सांधे गळतात का, हे तपासायची वेळ आली. पाणी भरायचं, थांबायचं, मग टाकी रिकामी करून पुसायची, यात दिवस जातो. म्हणून मिस्त्रींनी हवेनं चाचणी घ्यायचं ठरवलं. वर तात्पुरतं झाकण बसवायचं, कॉम्प्रेसरनं आत हवा भरायची, सांध्यांवर साबणाचं पाणी फिरवायचं. जिथे बुडबुडे, तिथे गळती.

मी तिथल्या शिकाऊ मुलांना पदार्थविज्ञान शिकवतो. तास संपवून मीही बघायला जाऊन उभा राहिलो होतो.

झाकण म्हणजे ६ मिलिमीटर जाडीची, ७० सेंमी व्यासाची सपाट गोल प्लेट. वजन १८ किलो. दोन मुलांनी दोन बाजूंनी धरून ती वर ठेवली. प्लेट आणि टाकीची पट्टी यांच्यामध्ये रबराचं कडं, आतून ६० आणि बाहेरून ६६ सेंमी व्यासाचं. चार बाजूंना चार सी-क्लॅम्प, म्हणजे इंग्रजी C च्या आकाराचे स्क्रूचे चिमटे, आवळले. एका मुलानं विचारलं, "सर, चार क्लॅम्प पुरतील?" प्रश्न मला होता, उत्तर मिस्त्रींनी दिलं. "अरे, अर्धा किलो प्रेशर देणार आहे मी. झाकणच अठरा किलोचं आहे. क्लॅम्प नुसते रबर दाबून धरायला." आणि खात्री पटावी म्हणून त्यांनी रेग्युलेटर अर्ध्या किलोवर लावला, हवेच्या नळीच्या तोंडावर अंगठा ठेवला आणि व्हॉल्व उघडला. अंगठा जागचा हलला नाही. "बघ, अंगठ्यानं धरता येतंय."

त्या अंगठ्यानं सगळ्यांची समजूत पटली. माझीही. दाब म्हणजे काय हे वर्षानुवर्षं शिकवणारा माणूस तिथे होता आणि त्याला ते वाक्य खटकलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. हे प्रकरण इतकं सविस्तर लिहायला बसलो ते त्यामुळेच.

पुढे जे झालं ते दोनेक मिनिटांत झालं. कॉम्प्रेसरवरचा गेज, म्हणजे दाब दाखवणारी तबकडी, ० ते १० किलोचा होता. अर्ध्या किलोला त्याचा काटा शून्याच्या खिळीपासून जेमतेम सुटतो. मुलं बाजूच्या सांध्यांवर ब्रशनं साबणाचं पाणी लावत होती, थोडं झाकणावरही सांडलं होतं. प्लेटच्या मधोमध साचलेलं ते पाणी कुणी हात न लावता कडेकडे ओघळायला लागलं. मी ते पाहिलं, पण त्याचा अर्थ लागला नाही. प्लेट मध्यभागी काही मिलिमीटर फुगली होती. ती फुगली म्हणजे तिच्या कडा किंचित तिरक्या झाल्या, आणि तिरक्या पृष्ठभागावर क्लॅम्पचा पाय टिकत नाही. एक क्लॅम्प निसटला, झाकण त्या बाजूनं उचललं गेलं, बंदुकीसारखा आवाज झाला, आणि निसटलेला क्लॅम्प समोरच्या भिंतीवर जाऊन आदळला. मुलं दुसऱ्या बाजूला गुडघ्यांवर बसलेली होती म्हणून कुणाला लागलं नाही. भिंतीचा गिलावा मात्र बोटभर खोल उडाला.

मिस्त्री पहिल्यांदा म्हणाले ते असं: "अर्ध्या किलोत एवढं कसं होईल? गेज खराब असणार."

बोलताना गळालेले शब्द

गेज ठीक होता. तो जे दाखवत होता त्याचं पूर्ण वाचन होतं "दर चौरस सेंटीमीटरला अर्धा किलो". कार्यशाळेत कुणीच एवढं लांब बोलत नाही. टायरमध्ये "तीस" भरतात, कॉम्प्रेसर "सात किलो"वर चालतो, टाकीला "अर्धा किलो" देतात. रोजच्या कामात याचं काही बिघडत नाही, कारण टायर तोच, नळी तीच, अवजार तेच. क्षेत्रफळ ठरलेलं असतं आणि दाबाचा आकडा तेवढा पुरतो. क्षेत्रफळ बदललं की हे चालत नाही. "किलो" म्हटलं की कान वजन ऐकतो, आणि मग अर्धा किलो अठरा किलोशी ताडून पाहिला जातो. हे दोन आकडे एकमेकांशी ताडता येण्याजोगे नाहीतच. एक दाब आहे, दुसरा बल. मध्ये क्षेत्रफळाचा गुणाकार राहिलाय.

बल = दाब × क्षेत्रफळ. सातवी-आठवीच्या पुस्तकातलं सूत्र. ते पाठ नसलेला त्या खोलीत एकही जण नव्हता.

आधी अंगठ्याचा हिशेब घेऊ, कारण फसवलं त्यानं. नळीच्या तोंडाचा व्यास ६ मिलिमीटर, म्हणजे ०.६ सेंमी. वर्तुळाचं क्षेत्रफळ म्हणजे व्यासाचा वर्ग गुणिले ०.७८५४ (π, म्हणजे पाय, भागिले चार). ०.३६ × ०.७८५४ = ०.२८२७ चौरस सेंमी. दाब अर्धा किलो दर चौरस सेंमी. बल = ०.५ × ०.२८२७ = ०.१४१ किलो, म्हणजे १४१ ग्रॅमच्या वजनाइतकं. मिस्त्रींचा अंगठा १४१ ग्रॅम धरून होता. धरणारच.

आता झाकण. प्लेट ७० सेंमीची असली तरी हवा तिला ढकलते ती रबराच्या आतल्या, टाकीच्या तोंडाएवढ्या भागावर. त्याचा व्यास ६० सेंमी, म्हणजे नळीच्या तोंडाच्या बरोबर १०० पट. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गानं वाढतं, म्हणून ते १०० पट न होता १०० × १०० = १०,००० पट झालं: २८२७ चौरस सेंमी. दाब तोच. बलही १०,००० पट, म्हणजे सुमारे १४१४ किलोच्या वजनाइतकं. जवळपास दीड टन, आणि ते झाकणाला खालून वर ढकलतंय. आंतरराष्ट्रीय एककांत मांडायचं तर दाब ४९,०३३ पास्कल, क्षेत्रफळ ०.२८२७ चौरस मीटर आणि बल सुमारे १३,८६० न्यूटन. एक पास्कल म्हणजे दर चौरस मीटरला एक न्यूटन. या एककाला हे नाव १९७१ साली अधिकृतपणे मिळालं. वर्गात मी नेहमी पास्कलच वापरतो, पण त्या दिवशी मुद्दाम किलोत हिशेब केला. मिस्त्रींच्या बोलण्यातल्या "किलो"चा गुंता किलोतच सुटायला हवा होता.

झाकणाच्या स्वतःच्या वजनाचं काय? ते उचलायला किती दाब लागतो हे उलट गणितानं काढता येतं: १८ भागिले २८२७, म्हणजे ०.००६४ किलो दर चौरस सेंमी. पाण्याच्या भाषेत बोलायचं तर साडेसहा सेंटीमीटरही नाही इतक्या उंचीच्या पाण्याचा दाब. रबर नीट बसलेलं असेल, हवा कुठून निसटत नसेल आणि क्लॅम्प नसतील, तर तोंडानं नळीतून फुंकत राहिलं तरी दोन मुलांनी उचलून ठेवलेली ती प्लेट हळूहळू वर येईल. हे सांगितल्यावर मिस्त्री बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठून त्यांनी टेपनं नळीचं तोंड स्वतः मोजलं.

चार कागद

दुसऱ्या दिवशी मी मुलांना आकडे दिले नाहीत. टाकी दाखवली, टेप हातात दिली, आणि झाकणावरचं बल काढायला सांगितलं. बरीच उत्तरं बरोबर आली. चुकलेल्यांतल्या चार कागदांवर बोलायला हवं, कारण त्या चुका हुशार मुलांच्या होत्या आणि प्रत्येकीमागे काही विचार होता.

पहिल्यात उत्तर होतं ५६५५ किलो. पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग हे सूत्र बरोबर लिहिलेलं, पण त्रिज्येच्या जागी ६०. टेपनं मोजला जातो तो व्यास. त्रिज्या कुणी मोजत नाही. सूत्र मात्र त्रिज्या मागतं. उत्तर थेट चौपट. म्हणूनच मी अलीकडे व्यासाचंच सूत्र, ते ०.७८५४ वालं, वापरायला सांगतो. जे मोजता तेच सूत्रात जावं.

दुसऱ्यात १४१ टन. या मुलीनं पास्कल घेतले होते, दाब बरोबर बदलला होता, पण २८२७ चौरस सेंमीला १०० नं भागून २८.२७ चौरस मीटर केले होते. मीटरमध्ये १०० सेंटीमीटर, म्हणून १००. चौरस मीटरमध्ये मात्र १०,००० चौरस सेंटीमीटर असतात. मी तिला एवढंच म्हटलं, की २८ चौरस मीटर म्हणजे केवढं, ते जमिनीवर चालून दाखव. ती सात पावलं चालली, वळली, चार पावलं चालली, टाकीकडे पाहिलं आणि कागद परत मागून घेतला.

तिसऱ्यात ४३३४ किलो, आणि ही चूक मला सगळ्यांत जवळची वाटते. त्या मुलाला ठाऊक होतं की गेज शून्य दाखवतो तेव्हाही आत हवेचा दाब असतोच, वातावरणाएवढा: १.०३३ किलो दर चौरस सेंमी. म्हणून त्यानं आतला खरा दाब १.५३३ धरला. हे खरंच आहे. आतली हवा झाकणाला ४३३४ किलोनं वर ढकलत होती. पण झाकणाच्या वरच्या बाजूलाही हवा आहे, आणि ती २९२० किलोनं खाली ढकलते. क्लॅम्पच्या वाट्याला येते ती वजाबाकी, तेच १४१४. गेज ही वजाबाकी आधीच करून दाखवतो. बाहेर वातावरण असेल तर गेजचा आकडा सरळ गुणायचा. दुसऱ्या बाजूला निर्वात असेल तर मात्र या मुलाचाच आकडा बरोबर ठरला असता. त्याला अर्धे गुण देताना मला जड गेलं.

चौथ्यात बल बरोबर होतं, पण शेवटी एक प्रश्न लिहिलेला: झाकण सपाट न घेता घुमटासारखं घेतलं असतं तर क्षेत्रफळ वाढून बलही वाढलं असतं ना? नसतं वाढलं. घुमटावर दाब सगळीकडे पृष्ठभागाला लंब ढकलतो. कडेजवळचे ते धक्के आडवे असतात आणि समोरासमोरचे एकमेकांना खोडतात. वरच्या दिशेला उरतं ते घुमटाच्या सावलीएवढ्या, म्हणजे तोंडाच्या वर्तुळाएवढ्या क्षेत्रफळावरचं बल. तेच २८२७ चौरस सेंमी. घुमटाचा फायदा वेगळाच आहे: तो सपाट प्लेटसारखा वाकत नाही, म्हणून कडा तिरक्या होत नाहीत.

याच मुद्द्यावर वर्गात ऑटो फॉन गेरिकेच्या अर्धगोलांची गोष्ट निघाली. जर्मनीतल्या माग्डेबुर्ग शहराचा हा महापौर. त्यानं निर्वात पंप बनवला, धातूचे दोन पोकळ अर्धगोल एकमेकांना लावून आतली हवा काढली, आणि १६५७ मध्ये दोन्ही बाजूंना आठ-आठ घोडे जुंपून ते ओढवून दाखवले. गोलाचा व्यास सुमारे ५० सेंमी. हिशेबाला अर्धगोलाचा वक्र पृष्ठभाग घेतला तर उत्तर दुप्पट येतं. घ्यायचं ते वर्तुळ, १९६३ चौरस सेंमी. आतली हवा पूर्ण काढता आली असती तर बल २०२८ किलो. त्याच्या पंपानं हवा पूर्ण निघणं शक्य नव्हतं, तेव्हा प्रत्यक्षात त्याहून कमी. इथे दाब कुणी भरलेला नव्हता, नुसता एका बाजूचा काढून घेतला होता. मुलांना हे फार आवडलं. एकानं लगेच विचारलं, की दुसऱ्या बाजूच्या आठ घोड्यांऐवजी दोर भिंतीला बांधला असता तर? चाललं असतं. भिंतीनंही तेवढंच ओढून धरलं असतं.

क्लॅम्पचा वाटा

१४१४ ला चारनं भागलं की प्रत्येक क्लॅम्पवर ३५४ किलो. कागदावर एवढंच. प्रत्यक्षात असं समसमान वाटप होतच नाही. एक क्लॅम्प जास्त आवळलेला, एक कमी. दोन क्लॅम्पच्या मधली कड सुटी. प्लेट फुगली की त्या सुट्या कडेखालून हवा रबरात शिरते. आणि हवा रबराच्या खाली शिरली की दाब ज्या क्षेत्रफळावर काम करतो ते वाढतं. रबराच्या बाहेरच्या कडेपर्यंत, ६६ सेंमीपर्यंत, ती पोचली तर क्षेत्रफळ ३४२१ चौरस सेंमी आणि बल १७१० किलो. म्हणजे झाकण उचलायला सुरुवात झाली की त्याला उचलणारं बल आणखी एक-पंचमांशानं वाढू शकतं, आणि नेमका त्याच वेळी एक क्लॅम्प निसटलेला असतो. उरलेले तीन.

गेजबद्दल मिस्त्री चुकले होते असं मी वर लिहिलं, पण एका अर्थी त्यांचं म्हणणं बरोबर होतं. त्या कामासाठी तो गेज चुकीचाच होता. या झाकणावर दाबाचा प्रत्येक ०.१ म्हणजे २८३ किलो. ० ते १० च्या तबकडीवर ०.१ म्हणजे काट्याची केसभर हालचाल. खिळीजवळ तर ती दिसतही नाही. त्या दिवशी आत खरोखर ०.५ होतं की ०.७, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. ०.७ असेल तर १९७९ किलो. ० ते १ चा गेज असता तर काटा तबकडीच्या मध्यावर उभा राहिला असता. मला तर वाटतं, मध्यावर आलेला काटा पाहूनच कुणाचा तरी हात व्हॉल्वकडे गेला असता.

आणि हवाच का, हाही प्रश्न आहे. बंद टाकीत पाणी ठासून तोच अर्धा किलो दाब दिला असता तरी झाकणावरचं बल १४१४ किलोच असतं. सूत्राला हवा आणि पाणी यांत फरक कळत नाही. फरक पुढे पडतो. पाणी जवळजवळ दबत नाही, त्यामुळे झाकण केसभर उचललं की दाब संपतो, थोडं पाणी उडतं, काम तिथेच थांबतं. हवा दबलेली असते. झाकण एक पूर्ण सेंटीमीटर वर गेलं तर आतली जागा वाढते २.८ लीटर, आणि टाकी आहे २८३ लीटरची. एक टक्का. कडेनं हवा निसटत नसती तर गेज अजूनही ०.४८ च्या आसपास दाखवत राहिला असता. म्हणजे तो जवळपास दीड टनाचा धक्का पहिल्या मिलिमीटरलाही आणि दहाव्या मिलिमीटरलाही तेवढाच. क्लॅम्प भिंतीपर्यंत गेला तो या जोरावर.

काय केलं

आधी एक साधा प्रश्न विचारायला हवा होता, तो शेवटी विचारला गेला: या टाकीला आयुष्यात जास्तीत जास्त किती दाब सोसायचाय? १ मीटर पाणी. तळाशी ०.१ किलो दर चौरस सेंमी, वर शून्य. तळावर एकूण बल २८३ किलो, म्हणजे आत मावणाऱ्या २८३ लीटर पाण्याच्या वजनाएवढं. उभ्या भिंतींच्या टाकीत हे असंच जुळतं. आपण तिला पाचपट दाब देत होतो, आणि तोही अशा झाकणावर, जे वापरात असणारच नव्हतं.

झाकणाची प्लेट बाजूला ठेवली. मिस्त्रींनी टाकी विटांवर उचलून ठेवली, बाहेरून सगळे सांधे कोरडे पुसले आणि त्यांवर खडूची बारीक पूड बोटानं चोळली. मग काठोकाठ पाणी भरलं. मुलं जेवायला गेली, मिस्त्री गेले नाहीत. ते टाकीशेजारी स्टूल टाकून बसले. दर थोड्या वेळानं वाकून तळाच्या सांध्याभोवती फिरत होते. त्यांच्या खिशात घडी घातलेला कागद होता आणि त्यावर त्यांच्याच अक्षरात गुणाकार: ०.१ × २८२७.

चौथ्या तासाला तळाच्या सांध्यावर, जिथे वेल्डिंगची सुरुवात आणि शेवट एकमेकांना भेटतात तिथे, पांढऱ्या पुडीत टाचणीच्या डोक्याएवढा एक करडा ठिपका उमटला. मिस्त्रींनी त्याच्याभोवती खडूनं गोल काढला आणि मला हाक मारली.